दुसरी बॅटरी खरंच किती भरली?

प्रश्न : आम्ही तिघा मित्रांनी बेडिनी मोटर बनवली आहे. सायकलच्या चाकावर चुंबकं, दोन तारा एकत्र गुंडाळलेली कॉइल (एक तार चाक फिरवते, दुसरी म्हणजे ट्रिगरची तार ट्रान्झिस्टर चालू करते), २एन३०५५ ट्रान्झिस्टर आणि १२ व्होल्ट, ७ ॲम्पिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या. एक मोटर चालवते, दुसरी चार्ज होते. दुसरीचं व्होल्टेज १२.२ वरून १२.९ वर गेलं, तेव्हा पहिलीचं जेमतेम ०.१ ने उतरलं होतं. एकाचं म्हणणं, दिली त्याहून जास्त ऊर्जा मिळाली. दुसऱ्याचं म्हणणं, मीटर चुकतोय. मला वाटतं, ट्रिगरची तार काढून हॉल सेन्सर, म्हणजे चुंबक जवळ आलं की ओळखणारा भाग, लावावा. वाद इतका वाढलाय की काम थांबलंय. बरोबर कोण?

उत्तर : मीटर बहुधा बरोबरच दाखवतोय. पण त्या दोन आकड्यांवरून ऊर्जेचा हिशेब लागत नाही. चार्जिंग सुरू झालं की प्लेटांलगतचं आम्ल आधी तीव्र होतं, म्हणून थोड्याशा चार्जनेही व्होल्टेज झपाट्याने चढतं. चार्जिंग बंद करून बॅटरी रात्रभर तशीच ठेवा आणि सकाळी मोजा, १२.९ चा आकडा खाली आलेला दिसेल. मोटर चालवणाऱ्या बॅटरीचं व्होल्टेज मात्र मधल्या टप्प्यात फार सावकाश उतरतं, आणि लोड काढला की थोडं सावरतंही. म्हणजे एकीकडे वाढ फुगून दिसते, दुसरीकडे घट लपते.

म्हणून लोड टेस्ट करा. बॅटरीला १२ व्होल्ट, ५ वॉटचा बल्ब जोडा. तो साधारण ०.४ ॲम्पिअर घेतो. १०.५ व्होल्टला थांबायचं, त्याखाली नाही. ठरावीक वेळाने व्होल्टेज आणि करंट लिहीत गेलात की वॉट-तास निघतात. मात्र हे आधी साध्या चार्जरवर भरलेल्या बॅटरीवर दोन-चार वेळा करा. सल्फेट साचलेली जुनी बॅटरी अशा मोटरचे पल्स, म्हणजे करंटचे छोटे झटके, मिळाल्यावर सुधारू शकते, आणि ती सुधारणा पाहून भलेभले जास्तीची ऊर्जा मिळाली असं मानून बसतात. आकडे स्थिर झाले की मगच मोटरवर चार्ज करून पाहा.

मोटरने घेतलेली ऊर्जा मोजताना तुमच्या दुसऱ्या मित्राची शंका रास्त आहे. करंट तुटक-तुटक वाहतो आणि स्वस्त मीटर अशा करंटवर भरकटतो. पहिल्या बॅटरीच्या वाटेत ०.१ ओहमचा शंट, म्हणजे करंट मोजायचा छोटा रोध, घाला, त्यावरचं व्होल्टेज १० किलोओहम आणि १०० मायक्रोफॅरडच्या फिल्टरमधून मीटरला द्या. सरासरी स्थिर मिळेल.

जास्त ऊर्जा मिळाली म्हणणाऱ्या मित्राला हा हिशेब दाखवा. कॉइलचं इंडक्टन्स १० मिलिहेन्री आणि करंट १ ॲम्पिअर धरला, तर एका पल्सची ऊर्जा ५ मिलिज्यूल. सेकंदाला १०० पल्स म्हणजे अर्धा वॉट. बॅटरी न जोडता ऑसिलोस्कोपवर शेकडो व्होल्टचं टोक दिसलं तरी ऊर्जा तेवढीच, आणि बॅटरी जोडली की ते टोकही बॅटरीच्या व्होल्टेजच्या जरा वर येऊन दबतं. कॉइल तापते, ट्रान्झिस्टर तापतो, चाक हवा ढवळतं; हे सगळं पहिल्या बॅटरीतूनच जातं. जॉन बेडिनींना २००३ मध्ये या रचनेचं अमेरिकी पेटंट मिळालं, हे खरं. पण पेटंट देताना कुणी वॉट-तास मोजत नाही. पल्स चार्जर म्हणून आणि कॉइल समजून घ्यायला ही मोटर मला मनापासून आवडते. तिच्याकडून त्याहून जास्त मागू नका.

तुमचा हॉल सेन्सर चालेल, पल्सची वेळही हवी तशी साधता येईल. फक्त चाक नेमकं सेन्सरसमोर चुंबक येऊन थांबलं, तर ट्रान्झिस्टर चालूच राहून कॉइल जळू शकते. ट्रिगरच्या तारेत चाक थांबल्यावर सहसा तसं होत नाही. म्हणून सेन्सर लावलात तर फ्यूजही लावा.

आणि मोटर चालू असताना चार्ज होणारी बॅटरी काढू नका. बॅटरी निघाली की ते शेकडो व्होल्टचं टोक ट्रान्झिस्टरवरच येतं. २एन३०५५ जेमतेम ६० व्होल्टचा आहे आणि त्याच्या बचावासाठी जोडतात तो निऑन दिवा पेटायलाच त्याहून जास्त व्होल्टेज लागतं, म्हणजे तो पेटेपर्यंत ट्रान्झिस्टर गेलेला असेल. त्या जागी २५० व्होल्टचा एमजेएल२११९४ बसवा. सीलबंद बॅटरीवर १४.४ व्होल्ट दिसले की चार्जिंग थांबवा आणि खिडकी उघडी ठेवा, कारण जास्त चार्ज झालेली बॅटरी हायड्रोजन सोडते.