पेशी मरतात, पण कॅस्पेज-३ दिसत नाही!

प्रश्न : एमएस्सीच्या प्रकल्पासाठी एमसीएफ-७ या स्तन-कर्करोगाच्या पेशींवर एका वनस्पतीचा अर्क तपासते आहे. पेशी मरताना दिसतात, पण वेस्टर्न ब्लॉटवर (अँटिबॉडीने प्रथिन ओळखण्याच्या चाचणीत) कॅस्पेज-३चा, म्हणजे पेशीला ठरवून मारणाऱ्या विकराचा, बँड तीनदा करूनही आला नाही. अँटिबॉडी खराब असेल का?
– एक विद्यार्थिनी, औंध, पुणे

उत्तर : अँटिबॉडी बदलायची घाई करू नका. एमसीएफ-७मध्ये कॅस्पेज-३ नसतेच! त्याच्या जनुकातला ४७ बेस-जोड्यांचा तुकडा गळालेला आहे, हे १९९८ पासून माहीत आहे. पेशी पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएसमधून (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून) आणा की परदेशातून मागवा, फरक पडणार नाही.

एरवी हे विकर ३२ किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचे एकक) निष्क्रिय रूपात पडून असते. मायटोकाँड्रियातून सायटोक्रोम-सी बाहेर पडले की कॅस्पेज-९ जागे होते आणि याला कापते. १७ आणि १२ किलोडाल्टनचे तुकडे जुळून खरी कात्री बनते. ती डीएनए तोडणाऱ्या विकरावरचा लगाम कापते, म्हणून जेलवर साधारण १८० बेस-जोड्यांच्या पटीत शिडी उमटते. तुमच्याकडे ती शिडीही येणार नाही. त्यावरून ‘अपॉप्टोसिस (पेशीचे ठरवून मरणे) झालाच नाही’ असे मात्र लिहू नका. इथे बरेचसे काम त्याचे भावंड कॅस्पेज-७ उरकते.

रंग देणाऱ्या डीईव्हीडी किटने फसगत होते (डीईव्हीडी म्हणजे कॅस्पेज कापते तो चार अमिनो आम्लांचा छोटा धागा). डब्यावर ‘कॅस्पेज-३’ छापलेले असले तरी कॅस्पेज-७ तोच धागा कापते, आणि ४०५ नॅनोमीटरला पिवळा रंग येतोच. (अर्क मुळात पिवळसर असेल तर आणखी घोळ, नुसत्या अर्काचा ब्लँक ठेवा.) शिवाय किटमधले डीटीटी (विकराला ऑक्सिडीकरणापासून जपणारे रसायन) ताजे घ्या, जुने असेल तर कॅस्पेज मंदावते.

पार्पचा (कॅस्पेज कापते त्या एका प्रथिनाचा) ब्लॉट करा : ११६ किलोडाल्टनचा बँड फिका होऊन ८९चा यायला हवा. शेजारी हीला पेशी (कॅस्पेज-३ असलेल्या), १ मायक्रोमोलर स्टॉरोस्पोरिन (अपॉप्टोसिस घडवणारे रसायन), ४ तास, असा पॉझिटिव्ह कंट्रोल लावा. अर्काच्या तासभर आधी २० मायक्रोमोलर झेड-व्हीएडी-एफएमके (कॅस्पेज अडवणारे रसायन) घालून मरण घटते का तेही पाहा. आणि वरचे माध्यम सिंकमध्ये ओतू नका, मेलेल्या पेशी त्यातच तरंगत असतात. सेंट्रिफ्यूज करून त्या चिकटलेल्या पेशींत मिसळा.

गाइडना कॅस्पेज-३च हवे असेल तर एमडीए-एमबी-२३१ या दुसऱ्या स्तन-कर्करोगाच्या पेशी घ्या. ब्लॉटवर दिसणारा १७ किलोडाल्टनचा तुकडा लहान असतो. १५ टक्के जेल आणि ०.२ मायक्रॉनचा मेम्ब्रेन वापरा, नाहीतर तो आरपार निघून जाईल.