आरशात कोण कोणाकडे बघतंय?

“पाच वर्षं हौसेने नाचणारी पोर, आता डान्स क्लासचं नाव काढलं की तिच्या पोटात दुखतं. जबरदस्ती करू की सोडून देऊ, मॅडम?” मुलं बारा-तेरा वर्षांची झाली की हा प्रश्न घेऊन आईवडील माझ्याकडे समुपदेशनाला येतात. बहुतेकांचं निदान आधीच झालेलं असतं: आळस, नाहीतर मोबाइल.

ही मुलगी तेराची. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पहिल्या दोन भेटींत ती टी-शर्टचं टोक खाली ओढत बसली होती. “का नको?” हे मी विचारलंच नाही. त्याला “कंटाळा येतो” एवढंच उत्तर मिळतं. मी विचारलं, “क्लासमध्ये नेमकं कधी नकोसं होतं?”

बराच वेळ गेला. मग म्हणाली, “आरशासमोर. माझे हात माझे वाटतच नाहीत. आणि सगळ्या बघतात.”

हात खरंच नवे होते! या वयात मुलींची उंची वर्षाला ८ सेंटिमीटरच्या आसपास वाढू शकते. मुलग्यांची ही वेळ साधारण दोन वर्षांनी येते. हातपाय आधी लांबतात, धड मागून. कालपर्यंत बसलेली गिरकी आज चुकते, त्यात तिचा काय दोष? मी तिला डोळे मिटून पहिल्या आठ मात्रा करायला सांगितल्या. केल्या. थांबली आणि हसली. “जमलं की!”

राहिलं ‘सगळ्या बघतात’. या वयात सगळे आपल्याकडेच बघतायत असं वाटत राहतं; मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये याला ‘काल्पनिक प्रेक्षक’ म्हटलं. मला ही कल्पना फार मोलाची वाटते, पण ती मुलांना समजावून सांगून उपयोग नाही, त्यांनी ती पडताळावी लागते. म्हटलं, “पुढच्या वेळी मोज, किती जणी तुझ्याकडे बघतात.”

पुढच्या भेटीत ती दारातूनच म्हणाली, “कोणीच नाही! प्रत्येक जण आरशात स्वतःलाच बघत होती.”

ते वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे. मी तासभर बोलूनही हे तिच्या गळी उतरलं नसतं.

पालकांनो, ‘एवढे पैसे भरले’ हे वाक्य काही दिवस बाजूला ठेवा. गुडघा किंवा टाच दुखते का, हे आधी विचारा. दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवा. शरीरावरून कुणी बोलतं का, कुणाचा स्पर्श नकोसा वाटतो का, हेही शांतपणे विचारा. तसं काही असेल तर क्लास त्याच दिवशी बंद, आणि जाब विचारायचा तो मुलीला नाही, तिथल्या मोठ्यांना. यातलं काही नसेल, तर महिनाभर थांबा आणि निर्णय तिच्यावर सोडा. क्लास सोडला तरी पाच वर्षांचा ताल अंगातून जात नाही.

हिने सोडला नाही. शिक्षिकेशी ती स्वतःच बोलली. आता त्या वर्गात नवी स्टेप शिकताना पहिली दहा मिनिटं सगळेच आरशाकडे पाठ करून नाचतात.