गॉडझिलासारखा राक्षस शहरात घुसला तर खरंच किती नुकसान होईल?

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, पण मी बेळगावात विम्याच्या दाव्यांची पाहणी करतो, म्हणून हिशेबही सुरू झाला.

2012 च्या ‘द अ‍ॅव्हेंजर्स’मधल्या न्यूयॉर्कवरच्या हल्ल्याचा अंदाज आपत्तींचं नुकसान मोजणाऱ्या एका अमेरिकी कंपनीने काढला होता: सुमारे 160 अब्ज डॉलर. त्यात प्रत्यक्ष पडझड 60-70 अब्जांची. बाकीचे 90 अब्ज साफसफाई आणि बुडालेला धंदा.

हे 90 अब्ज काय असतात ते मी ऑगस्ट 2019 च्या पुरात बेळगावातल्याच वडगावात, विणकरांच्या वस्तीत, पाहिलं. मागाच्या खोलीत नाल्याचं पाणी शिरलं होतं. माग जागच्या जागी, मोटर तेवढी गेलेली. बीमवर (मागाच्या रुळावर) गुंडाळलेला ताणा, म्हणजे उभे धागे, चिखलाने वाळून पापडासारखा झालेला आणि मालक बोटांनी एकेक धागा सुटतो का बघत होता. “माग चालू होईल हो सर, गणपतीच्या साड्या गेल्या की.” मोटर मी दाव्यात लिहिली. साड्यांची ऑर्डर कुठल्या रकान्यात लिहू? त्यात निपाणीजवळ हायवे पाण्याखाली. माल असता तरी कोल्हापूरला पोचला नसता.

आता तुमचा राक्षस. आपल्याकडच्या स्टँडर्ड फायर पॉलिसीत ‘इम्पॅक्ट डॅमेज’ असायचं: दुसऱ्याचं वाहन किंवा जनावर थेट आदळून झालेलं नुकसान. कलम लिहिणाऱ्यासमोर बहुधा म्हैस असावी. पण 1954 चा गॉडझिला 50 मीटर उंच असला तरी जनावरच की! शेपटी भिंतीला लागली, तर दावा लावून बघता येईल. नुसत्या पावलांच्या हादऱ्याने भिंत पडली, तर ‘थेट’ या शब्दावरून वर्षभर पत्रव्यवहार. शिवाय गडी किरणोत्सर्गी, आणि किरणोत्सर्गाचं नुकसान पॉलिसीतून सरळ वगळलेलं. कंपनी तिथेच बोट ठेवणार.

आणि बेळगाव ठप्प करायला त्याने घरं पाडायचीही गरज नाही. मार्कंडेयवरच्या राकसकोप धरणात येऊन नुसता बसला (नावातच राकस आहे, परका वाटायचा नाही), तरी शहराचं निम्मं पाणी अडकेल. मग उद्यमबागेतले कारखाने, खानावळी, दवाखाने सगळे हिडकल धरणाच्या पाण्यावर आणि टँकरवर. असा दावा माझ्याकडे आला तर ना भिंतीला तडा, ना कुठे जळल्याची खूण. फोटो तरी कशाचा काढू?