जुन्या पोर्शे ९४४ चा टायमिंग बेल्ट फारसा धावलेला नसेल, तर बदलणे लांबवता येईल का?

प्रश्नकर्त्यांनी १९८५ सालची ९४४ नुकतीच घेतली आहे. आधीच्या मालकाच्या पावतीनुसार टायमिंग बेल्ट (पिस्टनमुळे फिरणारा मुख्य दांडा म्हणजे क्रँक आणि वॉल्व उघडणारा दांडा म्हणजे कॅम यांचा मेळ राखणारा दातेरी रबरी पट्टा) ७ वर्षांपूर्वी बदललेला आहे, परंतु त्यानंतर गाडी जेमतेम ६ हजार मैल चालली आहे. तेव्हा तो आताच बदलावा का, आणि घरच्या गॅरेजमध्ये हे काम जमेल का, असा त्यांचा प्रश्न आहे.

बदलावा, आणि तोपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये. या इंजिनात पट्टा तुटला किंवा काही दाते सरकला, तर उघडे राहिलेले वॉल्व वर येणाऱ्या पिस्टनवर आदळून वाकतात आणि मग इंजिनाचे हेड, म्हणजे वॉल्व असलेला वरचा भाग, उतरवण्यावाचून गत्यंतर राहत नाही. त्या काळातल्या पोर्शे ९११ मध्ये पट्ट्याऐवजी साखळी असल्यामुळे तिच्या मालकांना ही धास्ती नाही. पहिल्या पिढीच्या माझदा मियाटाचा पट्टा तुटला, तर गाडी रस्त्याच्या कडेला थांबते आणि नवा पट्टा चढवला की बहुधा पुन्हा चालू लागते. ९४४ अशी क्षमाशील नाही.

‘फक्त ६ हजार मैल’ या शब्दांनी मात्र माझी जुनी जखम उघडली. आमचे भावजी पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात डिझेल इंजिनांच्या जुळणीवर आयुष्यभर राबले. त्या अवजड इंजिनांत टायमिंग गिअरवर चालते, त्यामुळे रबर वयानेही म्हातारे होते ही गोष्ट त्यांच्या हिशेबातच बसत नाही. एका उन्हाळ्यात ताई आणि ते आमच्याकडे न्यू जर्सीला आले असताना मी माझ्या १९८६ च्या ९४४ चे काम काढले. त्यांनी पावत्यांची फाइल चाळली आणि निकाल दिला, “अरे, पट्टा नवाच आहे की. चालत्या इंजिनाला उगीच कशाला हात लावतोस?” मी म्हटले, “भावजी, झाकण काढेपर्यंत तरी थांबा.”

झाकण निघाल्यावर जे दिसले, त्यासाठी हे उत्तर लिहीत आहे. टायमिंग बेल्ट खरोखरच बरा दिसत होता. त्याच्या पाठीवरची छापील अक्षरेही वाचता येत होती. त्याच्या पुढ्यात असणारा बॅलन्स शाफ्टचा (इंजिनाचे हादरे कमी करणाऱ्या दांड्यांचा) पट्टा मात्र तेलाने काळा पडून चकाकत होता. त्याच्या कडेचे धागे सुटले होते, आणि बोटांत धरून उलटा वाकवताच दात्यांच्या मुळाशी आडव्या भेगा उघडल्या. तेल येत होते ते एका बॅलन्स शाफ्टच्या पुढच्या सीलमधून, म्हणजे तेल आत अडवणाऱ्या कड्यातून. टेन्शनरचा, म्हणजे पट्टा ताणून धरणाऱ्या भागाचा, रोलर हाताने फिरवला, तर आतून कोरडी खरखर ऐकू आली. ज्या गॅरेजने आधीचे काम केले होते, त्यांनी टायमिंग बेल्ट तेवढा नवा घालून बाकीचे सगळे जुने सामान परत चढवले होते, आणि पावतीवर लिहिले होते, ‘बेल्टचे काम पूर्ण’.

भावजींनी एवढे पाहूनही माघार घेतली नाही. त्यांचे म्हणणे असे की बॅलन्स बेल्टचा आणि वॉल्वचा संबंध नाही. तो तुटला तर इंजिन थरथरेल, एवढेच. तत्त्वतः ते खरेही आहे. अडीच लिटरचे चार सिलिंडर म्हणजे पिस्टन मोठे, आणि त्यांचे हादरे मारण्यासाठी पोर्शेने मित्सुबिशीच्या पेटंटचा परवाना घेऊन क्रँकच्या दुप्पट वेगाने फिरणारे दोन शाफ्ट या इंजिनात बसवले. ते थांबले म्हणून वॉल्व वाकत नाहीत. परंतु हे दोन्ही पट्टे एकाच झाकणाआड, एकामागे एक धावतात. पुढच्या पट्ट्याच्या चिंध्या झाल्या की त्या मागच्या पट्ट्यात जाऊन अडकू शकतात, आणि मग ज्या टायमिंग बेल्टला तुम्ही नवा म्हणत होता तोच दाते सोडतो. तेलाचेही तसेच आहे. आज पुढचा पट्टा भिजला, उद्या मागचा भिजतो आणि रबर फुगून मऊ होते. हा वाद जेवणाच्या ताटावर येऊन पोहोचला, तेव्हा ताईने दोघांनाही गप्प केले. माझ्या मते तो अजून मिटलेला नाही, म्हणून इथे स्पष्ट लिहितो: मैल मोजून पट्ट्याचे वय ठरवणे चूक आहे. ३० हजार मैल किंवा ४ वर्षे, यांपैकी जे आधी होईल, तेव्हा दोन्ही पट्टे बदलावेत. वर्षभर उभ्या असलेल्या गाडीचा पट्टा त्याच पुलीवर त्याच जागी वाकून बसलेला असतो. गाडी न चालवल्याने त्याला विश्रांती मिळत नाही.

वॉटर पंपही टायमिंग बेल्टच्याच पाठीवर फिरतो. सगळे उघडलेले असताना जुना पंप ठेवणे हा कंजूषपणा आहे. तो गळू लागला की हेच काम पुन्हा मुळापासून करावे लागते. सील, रोलर, पंप आणि दोन्ही पट्टे हे एकच काम समजावे.

घरी जमेल का? पाने हाती धरायची सवय असेल, तर जमेल. क्रँकचा २४ मिलिमीटरचा बोल्ट २१० न्यूटन मीटरने घट्ट करायचा असतो, त्यामुळे फ्लायव्हील (क्रँकच्या मागच्या टोकाचे जड चाक) अडकवून धरणारे साधन हवेच. पट्टा बोटांत पिळून पाव वळण बसले की ताण बरोबर, ही जुन्या लोकांची रीत मला मान्य नाही. पोर्शेचा पी-९२०१ हा ताणमापक किंवा त्याच्या तोडीचे दुसरे साधन कुठून तरी मिळवावे. फ्लायव्हीलवरची ‘ओटी’ ही खूण (पिस्टन सर्वांत वर असल्याची) आणि कॅमच्या पुलीवरची खूण जुळल्याशिवाय जुना पट्टा काढू नये, आणि इंजिन समोरून पाहता घड्याळाच्या दिशेनेच फिरवावे. बॅलन्स बेल्टच्या आयडलर रोलरपाशी (पट्ट्यालगतच्या मोकळ्या चाकापाशी) अर्ध्या मिलिमीटरची फट ठेवावी लागते. ती फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पत्तीने) तपासण्याचा आणि शेवटी इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा पाहण्याचा आग्रह भावजींचाच होता, हे मान्य करतो. जुळणीच्या कामात त्यांचा हात कोणी धरू शकणार नाही. त्यांचे मत फक्त रबराबाबत चुकते.

दोन गोष्टी राहिल्या. वर लिहिलेले सगळे आठ वॉल्वच्या इंजिनाला लागू आहे. ९४४ च्या एस आणि एस-२ या सोळा वॉल्वच्या प्रकारांत दोन कॅममधली साखळी आणि तिचा टेन्शनर यांचीही तपासणी करावी लागते, आणि ते काम मी स्वतः केलेले नाही. तुमच्या १९८५ च्या गाडीत टायमिंग बेल्टचा ताण हातानेच लावावा लागतो, त्यामुळे दीड-दोन हजार मैलांनंतर तो पुन्हा तपासावा. १९८७ च्या सुमारास त्यासाठी स्प्रिंगचा टेन्शनर आला, परंतु बॅलन्स बेल्टचा ताण त्या गाड्यांतही हातानेच लावतात. काम बाहेर देणार असाल, तर पावतीवर दोन्ही पट्टे, रोलर, सील आणि पंप यांची नावे स्वतंत्र ओळींत लिहून घ्यावीत, आणि काढलेले जुने सामान डब्यात घालून परत मागावे.