फुटका कप टाकण्याआधी

अगं, चिनीमाती भंगारवाला घेत नाही, म्हणून कान तुटलेला कप लगेच कचऱ्यात टाकू नकोस. आधी उलटा करून बघ. बुडाची गोल कड खरखरीत लागते ना? तिथे चकाकी चढवलेली नसते, म्हणून त्या कडेवर सुरीला धार लावता येते. ओट्यावर ओला फडका अंथर, कप पालथा ठेव आणि सुरीचं पातं १५-२० अंशांत तिरकं धरून दोन्ही बाजूंनी ८-१० वेळा हलक्या हाताने ओढ. पातं धुऊन पिकलेला टोमॅटो चिर, फरक लगेच कळेल!

फुटलेल्या बशीचा एकच बाकदार तुकडा कुंडीच्या भोकावर पालथा ठेव, माती वाहून जाणार नाही. तळाशी तुकड्यांचा थर मात्र देऊ नकोस. त्याने निचरा सुधारत नाही, मुळांची जागा तेवढी कमी होते.