चौदाचे बेचाळीस कसे?

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला विज्ञान शिकवतो. कार्बन उत्सर्जन या विषयावर मुलांकडून चित्रं, घोषवाक्यं करून घेतली. पण आपल्या रोजच्या वागण्याशी त्याचा काय संबंध, हे त्यांना उमगत नाही. कसं शिकवावं?
– एक शिक्षक, सातारा जिल्हा

उत्तर : सर, घोषवाक्यं राहू द्या भिंतीवर. मुलांना घरच्या सिलिंडरवरचं गॅसचं वजन वाचून यायला सांगा : १४.२ किलो. तेवढा गॅस जळला की सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, एवढंच फळ्यावर लिहा आणि गप्प उभे राहा. कुणीतरी विचारतंच, "चौदाचे बेचाळीस कसे?" वाढलेलं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं. गॅस म्हणजे सगळा कार्बन नव्हे, पण त्यातल्या कार्बनच्या १२ भागांना ऑक्सिजनचे ३२ भाग चिकटले की ४४ होतात. माझ्या वर्गात या गणितावर अख्खा तास जायचा.

शाळेत पोषण आहार गॅसवर शिजत असेल, तर स्वयंपाकाच्या ताईंना विचारून एकाच पातेल्यात तेवढंच पाणी उकळवा. एकदा उघडं, एकदा झाकण ठेवून. मध्ये पातेलं गार होऊ द्या. घड्याळ मुलांकडे. उकळी फुटल्यावर आच कितीही मोठी केली, तरी उघड्या पातेल्यातलं पाणी शंभर अंशांच्या आसपासच राहतं, जादा गॅस नुसती वाफ करतो. कुकरची शिट्टी झाली की आच बारीक करायची, ती याचसाठी. डाळ भिजत घालून गॅस वाचवणाऱ्या आयांना हे न शिकता कळलेलं असतं.

विजेचं सांगताना एक करा : चार्जर पिनेत राहिला म्हणून पोरांना रागावणं सोडा. त्यात जवळपास काही जात नाही. ७५ वॅटचा जुना पंखा रिकाम्या खोलीत दहा तास फिरला, तर पाऊण युनिट जातं. आपली बरीच वीज कोळशाची असल्यानं युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरा. म्हणजे अर्धा किलो झालाच.

मात्र घरोघरची वीजबिलं वर्गात मागवू नका. ज्याच्या घरी एक दिवा नि एक पंखा, त्यानं काय कमी करायचं? आणि शेजारच्या मुलाच्या घरी एसी आहे, हेही उगाच चव्हाट्यावर येतं. त्यापेक्षा मुख्याध्यापकांकडून शाळेचं बिल घ्या. मागच्या महिन्यांचा वापर त्यावर छापलेला असतो. मे महिन्यात शाळा बंद असताना युनिटं कशानं खर्च झाली, ते मुलांना शोधू द्या.