हुकूम मोडला म्हणून रेल्वेतून काढलं. आता लवाद की अपील?

प्रश्न : माझे पती निफाड भागात रेल्वेत ट्रॅकमन (रुळांची देखभाल करणारे) आहेत, २०११ पासून. पावसाळ्यात एकदा दिवसभराची ड्यूटी करून निघत होते, तर साहेबांनी त्याच रात्री एकट्याने पेट्रोलिंगला, म्हणजे रुळांवर गस्तीला, जायला सांगितलं. ते नाही म्हणाले, बाचाबाची झाली आणि तोंडातून वावगा शब्द गेला. चार्जशीट आली, चौकशी झाली आणि आता ‘सेवेतून काढून टाकण्यात येत आहे’ असा आदेश आला. त्याला तीन आठवडे झाले. युनियनचे एक कार्यकर्ते म्हणतात, लवादाकडे नेऊ. सातपूरला कंपनीत असलेले माझे दीर म्हणतात, नाशिकच्या कामगार न्यायालयात केस टाका. काही जण म्हणतात, साहेबांचे पाय धरा. काय करावं?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : ताई, बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आधी तारीख बघा. रेल्वे कर्मचारी (शिस्त व अपील) नियम, १९६८ प्रमाणे आदेश हातात पडल्यापासून ४५ दिवसांत वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करावं लागतं. तुमचे तीन आठवडे गेले, म्हणजे तीनच उरले. उशीर माफ करण्याचा अधिकार अपील अधिकाऱ्याला आहे, पण त्यावर विसंबून राहू नका.

लवादाचं म्हणाल तर कार्यकर्त्यांच्या मनात बहुधा संयुक्त सल्लागार यंत्रणेतला (सरकार आणि कर्मचारी संघटना जिथे बोलणी करतात तिथला) सक्तीचा लवाद असावा. तो एखाद्या वर्गाच्या किंवा श्रेणीच्या पगार-भत्त्यांसाठी, आठवड्याच्या कामाच्या तासांसाठी आणि रजेसाठी आहे. एकट्या माणसाचं प्रकरण त्यात बसत नाही. दोन्ही बाजूंच्या राजीखुशीने लवाद नेमता येतो, पण त्याला रेल्वेची सही लागते आणि शिस्तभंगाच्या प्रकरणात ती मिळेल असं मला वाटत नाही. दीरांचा सल्लाही तुमच्या कामाचा नाही. सातपूर-अंबडच्या कामगारांना नाशिकचं कामगार न्यायालय चालतं, कारण त्यांच्या बाबतीत राज्य सरकारचा अधिकार चालतो. रेल्वेच्या बाबतीत तो केंद्राचा आहे. तिथे दावा टाकलात तर ‘आमच्या अखत्यारीत नाही’ हे ऐकायलाच वर्षं जातील.

आता मुद्द्याचं. ‘हुकूम चुकीचा होता, म्हणून मी पाळला नाही’ हा बचाव ऐकायला जोरदार वाटतो, पण सरकारी नोकरांची प्रकरणं ऐकणाऱ्या न्यायाधिकरणापुढे तो सहसा टिकत नाही. आधी हुकूम पाळा, मग तक्रार करा, असाच नोकरीतला दंडक आहे. हुकूम बेकायदा असला किंवा पाळल्याने जिवाला खरोखर धोका असला, तरच अपवाद, आणि तो सिद्ध करण्याचं ओझं तुमच्या पतींवर येतं. रेल्वे अधिनियम, १९८९ मध्ये कामाच्या तासांना मर्यादा आहे आणि आठवड्याची सुट्टीही दिलेली आहे. पण अपघाताची भीती, रुळांचं तातडीचं काम, अचानक आलेली अडचण अशा वेळी तात्पुरती सूट घेण्याची मुभाही त्याच कायद्यात आहे. भर पावसातलं पेट्रोलिंग रेल्वे त्याच खाली दाखवणार. म्हणून त्या दिवशीचं मस्टर, रोस्टर, गँगची डायरी आणि पेट्रोलिंगचा तक्ता यांच्या प्रती मागा. दिवसाची पूर्ण ड्यूटी झाल्यावर लगेच, एकट्याने, असा हुकूम होता हे कागदावर दिसलं तर नकाराला वजन येतं. ते नसेल तर फक्त थकवा उरतो, आणि थकव्यावर खटला जिंकता येत नाही.

याहून मोठी आशा मला चौकशीच्या कागदांत दिसते. चौकशी अहवालाची प्रत आदेशाआधी मिळाली होती का? मदतीला सहकारी किंवा युनियनचा माणूस घेऊ दिला का? ज्या साहेबांशी वाद झाला त्यांच्याखेरीज दुसरा साक्षीदार होता का, आणि त्यांना उलट प्रश्न विचारू दिले का? पतींनी स्वतः साक्ष दिली नसेल, तर शेवटी चौकशी अधिकाऱ्याने पुराव्याबद्दल त्यांना विचारलं का? आदेशावर सही करणारा अधिकारी नेमणूक करणाऱ्यापेक्षा खालच्या दर्जाचा तर नाही ना? तसं असेल तर संविधानाच्या ३११व्या अनुच्छेदाचाच भंग होतो, म्हणून जुनं नेमणूकपत्र आजच शोधा. फक्त एक लक्षात घ्या : अहवालाची प्रत मिळाली नाही एवढ्याने आदेश आपोआप रद्द होत नाही. त्यामुळे नुकसान काय झालं हे दाखवावं लागतं.

शिव्यांचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण खरी अडचण तीच आहे. वावगं बोलण्यावरून काढलेल्या कामगाराच्या बाबतीत १९८२ मध्ये रमाकांत मिश्र खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा जास्त ठरवून दोन वेतनवाढी रोखण्यावर आणली. २००५ मध्ये महिंद्रा आणि महिंद्राच्या खटल्यात त्याच न्यायालयाने शिवीगाळीसाठी बडतर्फी योग्य ठरवली. शब्द कोणते, कोणासमोर, आधीचा रेकॉर्ड कसा, यावर सगळं ठरतं. २०११ पासून दुसरी चार्जशीट नसेल तर ते अपिलात ठळक लिहा. वावगं बोललो याबद्दल त्यांनी खेद जरूर व्यक्त करावा. पण कोऱ्या कागदावर किंवा ‘सर्व आरोप मान्य’ अशा मजकुरावर सही मुळीच करू नये. पाय धरा म्हणणारे हीच सही घ्यायला लावतात.

अपील पतींच्याच नावाने, त्यांच्याच सहीने जावं, आणि एक प्रत आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला द्यावी. नियमात ‘भाषा अनादराची नको’ असं स्पष्ट आहे, आणि या प्रकरणात तर ती तोलूनमापूनच हवी. प्रत्यक्ष सुनावणी मागा. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाझियाबाद लोको शेडच्या एका शंटरच्या (इंजिनं हलवणाऱ्या कर्मचाऱ्याच्या) प्रकरणात, आणि त्याच्यावर तर वरिष्ठाला मारहाणीचा आरोप होता, ठरवलं की रेल्वेच्या अपील अधिकाऱ्याने माणसाचं ऐकून कारणांसह निर्णय द्यायला हवा. दोन ओळींत ‘अपील फेटाळले’ असं लिहून आलं तर तो कागद जपून ठेवा.

कारण पुढची पायरी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ. अपिलाच्या निर्णयापासून एक वर्षाच्या आत तिथे जावं. सहा महिन्यांत निर्णयच आला नाही, तर त्यानंतर एक वर्ष मिळतं. अपील न करता थेट गेलात तर सहसा परत पाठवतात. औद्योगिक न्यायाधिकरणाचाही मार्ग आहे. केंद्रीय कामगार आयुक्तांच्या यंत्रणेकडे समेटाचा अर्ज देऊन तिथे जाता येतं, आणि त्या न्यायाधिकरणाला शिक्षा स्वतः कमी करण्याचा अधिकार आहे. प्रशासकीय न्यायाधिकरण मात्र शिक्षा धक्कादायक वाटल्याशिवाय सहसा तिला हात लावत नाही. शिवीचा प्रश्न जड असेल तर मी औद्योगिक न्यायाधिकरणाच्या मार्गाचा विचार करीन. दोन्हीकडे एकाच वेळी अर्ज मात्र टाकू नका.

क्वार्टरमध्ये राहत असाल तर नोटिशीची वाट पाहू नका. अपील चालू असल्याचं सांगून मुदतवाढीचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ‘बडतर्फ’ऐवजी ‘सेवेतून काढलं’ असल्यामुळे पुढे दुसरी सरकारी नोकरी मिळायला हा आदेश आड येत नाही.